पालखीच्या वाटेवरची आमची जिजी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आषाढीच्या बातम्या आता ओसरल्या. दिवेघाटातला भगव्या पताकांचा फोटो, रिंगणात धावणारा अश्व, गोपाळपूरपर्यंत गेलेली दर्शनरांग, मुख्यमंत्र्यांची महापूजा आणि त्यांच्या शेजारी बसलेलं मानाचं वारकरी जोडपं, सगळं मी तुमच्या अंकात दरवर्षीसारखं आवडीनं वाचलं. आमच्या घरात मात्र यंदाची वारी पहिल्यांदाच माझ्या सासूबाईंशिवाय झाली. माघात त्या गेल्या. तुमच्याच पेपरात जिल्ह्याच्या पानावर चार ओळी आल्या होत्या. वय, गाव, दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडं, परतवंडं असा परिवार. बातमीत काही चूक नव्हती. पण सुमारे सत्तर वर्षं पालखीच्या वाटेवर चूल पेटवलेल्या बाईबद्दल मला त्या ओळींपेक्षा जास्त सांगायचं आहे. पत्र लांबेल, सांभाळून घ्या.

मी त्यांना आत्या म्हणायची. नातवंडं जिजी म्हणायची, आणि पुढं सगळं गावच जिजी म्हणायला लागलं. मीही इथं जिजीच म्हणते.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे करत येते, नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान होतं आणि सोहळा आमच्या सातारा जिल्ह्यात पाऊल टाकतो. लोणंदहून पुढं चांदोबाच्या लिंबापाशी वारीतलं पहिलं उभं रिंगण लागतं, मग तरडगाव, फलटण, बरड. आमचं घर याच पट्ट्यात, रस्त्याला लागून. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून परभणीकडची एक दिंडी दुपारच्या जेवणाला आमच्या अंगणात उतरते. तेव्हा तीसेक माणसं असायची म्हणतात. आता दोनशेच्या पुढं जातात.

जिजी या घरात आल्या तेव्हा फलटण संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जन्मतारीख त्यांना माहीत नव्हती. त्यांचा सगळा हिशेब असाच चालायचा. थोरला मुलगा पानशेतच्या पुराच्या साली, धाकटा कोयनेच्या भूकंपाच्या साली, आणि मधली मुलगी कधी झाली विचारलं तर "पालखी फलटणला गेली त्या रात्री" एवढंच. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या काठवटीपुढं बसल्या होत्या, हे आमच्या चुलतसासूबाईंनी मला सांगितलं. जिजी स्वतः कधी बोलल्या नाहीत.

जिजींचं देवाचं करणं बघायला फार थोडं होतं. देव्हाऱ्यात विठ्ठल-रखुमाई, शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचा टाक आणि माउलींची तसबीर. गळ्यात तुळशीची माळ. एकादशी कधी चुकली नाही. तिन्हीसांजेला हरिपाठ व्हायचा, तोही बसून नाही, हातातलं काम चालू ठेवून. शेंगा फोडता फोडता, गाईला पेंड घालता घालता. हरिपाठ अर्धा झाला की दुधाला आलेला माणूस उंबऱ्यात थांबायचा, संपल्यावर मग चरवी पुढं करायचा.

खरं देवाचं काम होतं ते मुठीचं. भाकरीसाठी ज्वारी दळणाला काढली की त्यातली एक मूठ जिजी आधी वेगळी काढायच्या आणि माजघरातल्या मातीच्या डेऱ्यात टाकायच्या. रोज. ती मूठ वारीची. त्या डेऱ्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, पाहुणे आले आणि पीठ कमी पडलं तरी नाही. डेरा भरला की धान्य पोत्यात, पोत्यात कडुलिंबाचा पाला. ज्येष्ठ लागला की ती पोती उन्हात पडायची आणि आळीतल्या बाया निवडायला बसायच्या. मी ऐंशीच्या दशकात सून म्हणून आले. डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. मला वाटायचं, वारीच्या आधी बाजारातून दोन पोती ज्वारी आणली की झालं, रोजची ही मूठ कशाला? एकदा बोलून दाखवलं. जिजी म्हणाल्या, "इकत आणलेलं एक दिस आठवतं. मूठ काढली की रोज आठवतं." त्यानंतर मी ते विचारलं नाही, आणि आजतागायत मूठ काढते.

बहात्तरचा दुष्काळ मी या घरात पाहिलेला नाही, पण त्याची गोष्ट आमच्याकडं दर वारीला निघते. जिजी आणि मामंजी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. मजुरी, वर सुकडी, आणि रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. जनावरं निम्मी विकलेली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या वारीच्या तोंडावर गावात बैठक झाली आणि यंदा दिंड्यांना हात जोडायचे, पाणी तेवढं द्यायचं असं ठरलं. त्यात चूक काही नव्हती, लोकांच्या पोटालाच नव्हतं. जिजींनी डेरा दाखवला. त्या सालीही रोजची मूठ निघालीच होती, फक्त ज्वारीऐवजी मिलोची. परभणीची दिंडी आली तेव्हा तिच्या पुढ्यात मिलोच्या तांबड्या भाकरी आणि चिंचेचं सार ठेवलं. तिकडंही तेच दिवस होते, त्यामुळं कुणी तोंड वाकडं केलं नाही. अर्धी अर्धी भाकरी वाट्याला आली. जिजी शेवटच्या पंगतीला बसल्या, त्यांच्या वाट्याला नुसतं सार.

शेवटच्या पंगतीचा नियम त्यांनी कधी मोडला नाही. हातात चंबू घेऊन त्या रांगेतून फिरायच्या आणि दोनच प्रश्न विचारायच्या, "माउली, पोट भरलं का?" आणि "मागं कोण ऱ्हायलंय का?" दिंडीच्या मागून लंगडत येणारी एखादी म्हातारी असायचीच. ती येईपर्यंत काहील उतरायची नाही.

संपादक महाराज, त्या पहाटेचं जरा सविस्तर लिहिते, कारण ते कुठल्याच पुरवणीत येत नाही. आदल्या रात्री अंगणात चर खणून चुलवण तयार. लाकडं चैत्रापासून रचलेली, शेणी वेगळ्या. पहाटे तीनला जिजी उठायच्या, चुलवणाला हळद-कुंकू वाहायच्या आणि जाळ घालायच्या. घरातल्या चार चुली, शेजारच्या सहा, प्रत्येकीपुढं दोन बाया, एक थापणारी, एक भाजणारी. उजाडेपर्यंत बोलणं फार नसतं, नुसता थापण्याचा आवाज. भाकरी दुरडीत धोतराच्या पानावर रचायच्या, पण गरम गरम एकावर एक ठेवली की घाम सुटून चिघळतात, म्हणून आधी सुपात उभ्या करून वाफ जाऊ द्यायची. हे जिजींनी मला हाताला धरून शिकवलं. पिठलं दोन काहिलींत. एक कांदा-लसणाची, एक त्याशिवायची, कारण दिंडीतले बरेच माळकरी कांदा-लसूण खात नाहीत. दोन्हींच्या पळ्या वेगळ्या, त्यांची अदलाबदल झाली तर जिजींचा आवाज वेशीपर्यंत जायचा. शेंगदाण्याची चटणी आठवडाभर आधी कुटलेली. खर्डा त्याच दिवशीचा. घरटी दहा भाकरी गावातून यायच्या, आणि त्यात गावातलं एकही घर वगळायचं नाही. एके काळी काही घरच्या भाकरी वेगळ्या दुरडीत ठेवाव्यात असं म्हणणारे लोक होते. जिजींनी सगळ्या दुरड्या एकत्र ओतल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा, कंची कुणाची?" ही गोष्ट माझ्यासमोरची आहे. पुन्हा तो विषय निघाला नाही.

असाच दुसरा प्रसंग. लग्नानंतरच्या दुसऱ्या वारीला आदल्या रात्रीच माझी अडचण आली. माझ्या माहेरी हे फार कडक होतं. मी बाजूला जाऊन बसले. जिजी शोधत आल्या. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दिंडीतल्या शे-पन्नास बाया आळंदीपास्नं चालत येत्यात. त्यांची अडचण माउली मोजत बसलाय व्हय? ऊठ, पीठ मळ." शाळा न पाहिलेली, चूल आणि शेत एवढंच जग असलेली बाई हे बोलली. शिकलेली मी त्या वेळी बोलू शकले नसते.

जिजी सगळ्यांशी गोडच होत्या असं लिहिलं तर गावातले लोक मला हसतील. त्या तापट होत्या. बांधावरून धाकट्या जावेशी कित्येक वर्षं अबोला होता. एकाच अंगणात दोन घरं, पण हळदी-कुंकवालाही एकमेकींच्या दारात जायच्या नाहीत. फक्त वारीच्या पहाटे जाऊबाई काठवट घेऊन यायच्या आणि जिजींच्या शेजारच्या चुलीपुढं बसायच्या. तेवढ्यापुरतं बोलणं. "पीठ दे." "जाळ सार." पालखी पुढं गेली की पुन्हा तोंडं फिरलेली. एका वर्षी भाकरी थापता थापता जाऊबाईंना भोवळ आली. जिजींनी त्यांना मांडीवर घेतलं, कांदा फोडून नाकाशी धरला, आणि त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. बांधाचं भांडण मिटलं नाही, ते पुढच्या पिढीनं मोजणी आणून मिटवलं. बोलणं मात्र राहिलं.

जिजी आषाढीला पंढरपूरला कधीच गेल्या नाहीत. कार्तिकीला, माघीला एसटीनं जायच्या. चंद्रभागेत अंघोळ, नामदेव पायरीला डोकं, रांग मोठी असली तर कळसाचं दर्शन घेऊन परत. आषाढीला मात्र पालखी पुढं गेली की भांडी घासायची असायची, चुलवण बुजवायचं असायचं, पेरणी असायची. सत्तरी उलटल्यावर मुलांनी जीप ठरवली, म्हणाले, एकदा तरी आषाढीला चल. त्यांचं उत्तर होतं, "माउली पायी चाललाय आन मी गाडीतनं त्याच्या म्होरं जाऊ?" आणि पायी जाण्याचं वय तेव्हा उरलं नव्हतं. एकादशीच्या पहाटे त्या दूरदर्शनवर महापूजा लागेपर्यंत अंघोळ करून बसायच्या आणि पूजा संपेपर्यंत हात जोडलेलेच असायचे.

नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले तेव्हा मी गावातल्या प्रौढ बायकांना शिकवत होते. जिजी पहिले काही दिवस आल्याच नाहीत. पाटीवरचं कमळ-बदक त्यांना पोरखेळ वाटायचं. मग मी हरिपाठाचं छोटं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. सगळा पाठ तोंडात होताच. त्या म्हणत जायच्या आणि मी त्यांचं बोट धरून अक्षरांखालून फिरवत जायची. महिनाभरानं बोट माझ्या हाताशिवाय फिरायला लागलं, आणि जिथं तोंड पुढं जाई तिथं बोट थांबून त्यांना मागं आणी. पुढं फलटणच्या स्टँडवर त्यांनी एसटीची पाटी स्वतः वाचली आणि कंडक्टरला न विचारता गाडीत चढल्या. घरी आल्यावर हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. शिक्षिका म्हणून माझ्या नोकरीतला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता.

२०२० साली पालखी पायी आलीच नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. डेरा भरलेला, पोती बांधलेली आणि रस्ता मोकळा. त्याच दिवसांत मुंबईहून आलेल्या आमच्याच गावच्या लोकांना शाळेच्या खोल्यांत ठेवलेलं होतं. गावात भीती एवढी की त्यांचे सख्खे चुलतेही डबा कुंपणाबाहेर ठेवून पळत होते. जिजींनी दिंडीच्या ठरल्या दिवशी चूल पेटवायला सांगितली. गर्दी करायची नव्हती, म्हणून घरातल्याच आम्ही तिघी-चौघी. पिठलं, भाकरी, चटणी, आणि हे सगळं शाळेत. त्या स्वतः काठी टेकत फाटकापर्यंत आल्या, तोंडाला पदर, आणि बाहेरूनच ओरडून विचारलं, "मागं कोण ऱ्हायलंय का?" आतून एक तरुण मुलगा रडत रडत "न्हाय जिजी" म्हणाला. पुढच्या वर्षीही पालखी पायी आली नाही. त्या वर्षीचं मुठीचं धान्य त्यांनी वाडीवरच्या विधवा बायांना वाटलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. रस्ता रुंद झाला, त्यात आमचा ओटा आणि समोरचं वडाचं झाड गेलं. मोबदला मिळाला, सोय झाली, वारकऱ्यांना चालायला जागा झाली, हे खरं. जिजींना तो ओटा जाताना बघवला नाही, पण त्यांनी विरोध केला नाही. फक्त मोजणीला आलेल्या माणसाला विचारलं, "दिंडी उतरंल कुठं?" त्याला काय उत्तर द्यावं कळेना. मग जिजींनीच सांगून टाकलं, मागच्या वावरातली पाच गुंठे ज्वारी पेरायची नाही, दरसाल मोकळी ठेवायची. तिथंच आता दिंडी उतरते. या वावरासाठी कुणी मागणी घातली तरी विकायचं नाही, हे त्यांनी दोन्ही मुलांकडून कबूल करून घेतलं आहे.

त्यांच्या तेराव्याला परभणीहून टेंपो भरून माणसं आली. दिंडीचे विणेकरी, आणि त्यांच्याबरोबर एक साठीचा गृहस्थ. तरुण असताना वारीत त्यांना ताप भरला होता आणि ते आमच्या पडवीत चार दिवस पडून होते. जिजींनी त्यांना पेज पाजली, टाचा फुटल्या होत्या त्यावर गरम एरंडेल लावलं, आणि मामंजींनी एसटीनं वेळापूरला नेऊन दिंडीत परत पोचवलं. तेव्हापासून दर पाडव्याला त्यांच्याकडून तुरीची डाळ येते. आमच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भावाचा मान घेतला. जिजींच्या फोटोपुढं उभं राहून ते गृहस्थ फार वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्याकडं वळून त्यांनी विचारलं, यंदा दिंडी उतरायची ना?

तो प्रश्न घरातही निघाला होता. माझे पुतणे पुण्यात नोकरीला आहेत. त्यांचं म्हणणं, पैसे आम्ही देतो, आचारी लावू, पुरी-भाजी-बुंदी करू, तुम्हा बायकांची पहाटेची दगदग वाचेल. पोरांची भावना चांगली आहे. पण आम्ही जावा-सुना एकत्र बसलो आणि ठरवलं की भाकरी घरच्याच. लाकडं फोडायला, पाणी आणायला, काहील उचलायला आणि पीठ मळायलाही पुरुषांनी यायचं, एवढी अट घातली. धाकट्या पुतण्यानं यंदा पहिल्यांदा भाकरी थापली. फाटली, तरी दिंडीतल्या एका आजोबांनी तीच मागून घेतली.

आपल्याकडं माझी विनंती आहे. सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळचे. त्यांचं नाव वारीत रोज घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, अंकलीचे अश्व, चोपदार, यांचं लिहून येतं, तेही यावं. पण आळंदी ते पंढरपूर या वाटेवर जिथं जिथं दिंडी जेवते तिथं तिथं एखादी जिजी आहे. काही ठिकाणी ती नव्वदीची आहे, काही ठिकाणी तिचं नाव तिच्या गावाबाहेर कुणाला माहीत नाही. ती असेपर्यंत तिचं नाव छापून येऊ द्या. कुणाच्या घरात कोणती दिंडी किती पिढ्या उतरते, काय रांधलं जातं, दुष्काळात काय केलं, हे वाचकांकडूनच मागवा. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका प्रत्येक गावात आहेत, त्या लिहून देतील. आणि पुढच्या वर्षी रिंगणाचा फोटो काढायला चांदोबाच्या लिंबापाशी येणाऱ्या आपल्या वार्ताहराला दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडं पाठवा. आम्ही तीनला चुलवण पेटवतो. त्यांना पिठलं कांदा-लसणाचं हवं की बिनलसणाचं, तेवढं आधी कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. फलटण, जि. सातारा